गिळलेली वाक्यं

“डाव्या कोपऱ्यानं घोटा धरला! पकड, पकड, काय पकड आहे!” कर्ण्यातून आवाज घुमला आणि मैदानाभोवतीची माणसं हसली. पकड केव्हाच होऊन गेली होती. पंचांचा हात वर होऊन खाली आला होता, बाद झालेली मुलगी बाकावर जाऊन बसली होती आणि मॅटवर दुसऱ्या संघाची चढाई सुरू झाली होती.

हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट सुलक्षणा वडके पुन्हा माईकपाशी बसलेली पाहून सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. पण कबड्डीचं समालोचन म्हणजे पावलाला पाऊल लावून पळणं. एक पाऊल मागं पडलं की ऐकणाऱ्याला आपोआप हसू येतं. सुलक्षणालाही ते कळत होतं. मध्यंतराला तिनं गळ्यावरची पट्टी सोलून काढली, समोरचा, तिच्या वतीनं बोलणारा डबा बंद केला आणि आयोजकांना हातानंच ‘पुरे’ म्हणून सांगितलं.

तीस वर्षं तिनं पुणे जिल्ह्यातली मैदानं गाजवली होती. आधी खेळाडू म्हणून, आणि खांदा दुखावल्यावर समालोचक म्हणून. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला.

मग रुग्णालयानं तिला हा डबा दिला. त्या सुमारास अशा रुग्णांना असे डबे मिळू लागले होते. माणूस बोलतो तेव्हा स्वरयंत्र असो वा नसो, जीभ, हनुवटी आणि गळ्याचे स्नायू आपापलं काम करत राहतात. त्या हालचालींतून अगदी बारीक वीज उमटते, व्होल्टच्या लाखाव्या हिश्श्याएवढी. गळ्यावरची पट्टी ती वीज टिपायची आणि डब्यातल्या ग्राफिक्स कार्डाकडे पाठवायची. संगणकावरचे खेळ चालवण्यासाठी जन्मलेलं हे कार्ड हजारो गणितं एका वेळी करतं, म्हणून स्नायूंच्या विजेतून शब्द ओळखण्याचं काम त्याला जमायचं. आणि मग डबा तो शब्द सुलक्षणाच्याच आवाजात उच्चारायचा. तिच्या जुन्या सामन्यांचं ध्वनिमुद्रण ढिगानं होतं, त्यावरून तो आवाज घडवला होता.

आवाज हुबेहूब होता. अडचण वेळेची होती. शब्द ओळखायला डबा पाऊण सेकंद घ्यायचा, आणि भरभर बोललं की मागचं वाक्य पुढच्या वाक्याची वाट अडवायचं.

पाऊण सेकंद म्हणजे काही फार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण डॉक्टरांना त्या पाऊण सेकंदात राहावं लागत नव्हतं. सुलक्षणाला कळून चुकलं होतं की माणसं इतका वेळ थांबत नाहीत. भाजीवाली दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. विनोद केला तर हसायची वेळ निघून गेलेली असायची. आणि नवरा, मोरेश्वर, तिची वाक्यं पूर्ण करू लागला होता. ती “मला” म्हणून थांबली की तो म्हणायचा, “चहा? पाणी? पंखा लावू?” प्रेमानंच म्हणायचा. त्यामुळे रागावताही यायचं नाही. एकूण, तिला आवाज परत मिळाला होता, पण बोलणं मिळालं नव्हतं.

मैदानावरून घरी आल्यावर तिनं डबा टेबलावर ठेवला आणि पट्टी लावली. मोरेश्वर समोर उभा होता.

“याला,” डबा म्हणाला.

“कपाटात ठेवू?”

“...पळवता येईल का?” डब्यानं वाक्य पुरं केलं.

मोरेश्वर तांबट आळीतला पिढीजात कारागीर. घराच्या तळमजल्यावर त्याचा कारखाना होता. तांब्याच्या पत्र्याला हातोडीनं आकार द्यायचा, त्यावर ठोक्यांची दाट नक्षी उठवायची. या नक्षीच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्याला संगणकातलं काही कळत नव्हतं. पण ‘पळवता येईल का’ हा प्रश्न त्याला पटला. दुसऱ्या दिवशी दोघं तपकीर गल्लीत शमा तांबोळीच्या दुकानात गेले.

शमा पंचेचाळिशीची, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारी बाई. वीस वर्षं संगणक दुरुस्त करत होती. तिनं डबा उघडला आणि आतल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवरून बोट फिरवलं.

“पंखा नाहीये याला,” ती म्हणाली. “नुसती पाती आहेत. उष्णता पात्यांत जाते, हवा ती हळूहळू घेऊन जाते. म्हणून कंपनीनं कार्ड मुद्दाम सावकाश ठेवलंय.”

“मग पंखा बसवा,” मोरेश्वर म्हणाला.

शमानं दुकानातला एक छोटा पंखा डब्याशेजारी धरून चालू केला आणि सुलक्षणाला बोलायला सांगितलं. डब्यातून जे निघालं ते पाण्याखालून बोलल्यासारखं होतं.

“हे असं होतं. पट्टी लाखाव्या हिश्श्याची वीज ऐकतेय. पंख्याच्या मोटरचा विजेचा गोंगाट त्यात मिसळला की संपलं.”

“मग गणितं दूरच्या मोठ्या संगणकावर पाठवली तर?” सुलक्षणानं विचारलं.

“जायला-यायला वेळ लागणार. आणि मैदानात पाच हजार माणसांचे फोन चालू असताना तुमचं वाक्य रांगेत उभं राहणार. नाही ताई. पळवायचं तर याच कार्डाला.”

तिनं समजावून सांगितलं. कार्डाच्या आत एक ठेका असतो, सेकंदाला अब्जावधी ठोक्यांचा. प्रत्येक ठोक्याला एक पाऊल काम. ठेका वाढवता येतो. पण जलद ठेक्यात चुका होऊ नयेत म्हणून विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि खरी गोम तिथं आहे. दाब दीडपट केला की उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. आणि वाढलेला ठेका त्यात आणखी भर घालतो. उष्णता बाहेर पडली नाही की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी पुन्हा मंद होतं.

तिनं ठेका वाढवून दाखवला. डबा एकदम चपळ झाला. सुलक्षणा बोलली आणि शब्द जवळजवळ ओठांबरोबर आले. तिचे डोळे चमकले. चार मिनिटं ती नुसती बोलत सुटली, दुकानातल्या वस्तूंची नावं, रस्त्यावरच्या पाट्या, काहीही. पाचव्या मिनिटाला पाती हात लावू नये इतकी तापली आणि आवाज पुन्हा मागं पडू लागला.

मोरेश्वरनं ती ॲल्युमिनियमची पाती गार झाल्यावर हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि नाक मुरडलं.

“हे कुणी केलंय? यात माल कुठाय?” तो म्हणाला. “शमाताई, मला फक्त सांगा, कुठं टेकायचं आणि उष्णता कुठून बाहेर काढायची. बाकी मी बघतो.”

त्यानंतर पंधरा दिवस कारखान्यात दुसरं काम झालं नाही. खाली जाड तांब्याचा ठोकळा, कार्डाला घट्ट टेकणारा. त्यातून वर जाणाऱ्या बंद नळ्या. या नळ्यांत शमानं हवा काढून चमचाभर पाणी सोडलं. ते तळाशी उकळायचं, वाफ वर जाऊन थंड व्हायची, पाणी पुन्हा खाली यायचं. नळ्यांभोवती मोरेश्वरनं तांब्याची हातभर उंच चिमणी उभी केली. तापलेली हवा चिमणीतून वर गेली की खालून गार हवा आपोआप ओढली जायची. पंखा नको, मोटर नको. आणि चिमणीच्या अंगभर त्यानं मठारकाम केलं. त्याची गरज नव्हती, पण त्याशिवाय त्याला चैन पडलं नसतं.

शेवटी त्यानं चिमणी चिंचेनं घासून आरशासारखी लखलखीत केली आणि छाती काढून दुकानात नेली. शमानं बघितली, कौतुक केलं, आणि म्हणाली, “दादा, आता ही काळी करा.”

“काय?”

“चकचकीत तांबं अंगातली उष्णता बाहेर फेकत नाही, धरून ठेवतं. काळवंडलेलं फेकतं. पंखा नसलेल्या यंत्रात त्याला फार महत्त्व असतं.”

“आमच्या सात पिढ्यांत कुणी काळं भांडं दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही,” मोरेश्वर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. सुलक्षणाला हसू आलं, पण तिनं ते दाखवलं नाही. दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं भट्टी पेटवली आणि स्वतःच्या हातानं चिमणी काळी केली.

ती बसवल्यावर शमानं ठेका वाढवला. एक तास झाला, दोन तास झाले, कार्डाचं तापमान एका जागी थांबलं. डबा पाव सेकंदाच्या आत बोलत होता.

घरी परतताना रिक्षात मोरेश्वर म्हणाला, “आता तुला—”

“थांबा,” सुलक्षणा म्हणाली. “माझं मी बोलते.”

मोरेश्वर इतका हसला की रिक्षावाल्यानं मागं वळून पाहिलं. त्या आठवड्यात त्या दोघांची दोन वर्षांतली पहिली खरीखुरी भांडणं झाली. गॅस कुणी चालू ठेवला यावरून, मोरेश्वरच्या भावाच्या फोनवरून, टोमॅटो किती घ्यायचे यावरून. वाक्याला वाक्य भिडत होतं. प्रत्येक भांडणानंतर सुलक्षणाला जेवण जास्त जायचं.

मैदानंही परत आली. आधी पेठेतली स्पर्धा, मग जिल्ह्याची. आणि तिथं एक नवल घडू लागलं. चढाई करणारी मुलगी मध्यरेषेकडे झेपावायच्या क्षणीच कर्णा म्हणायचा, “पोहोचली!” कधी कधी तर सुलक्षणालाच वाटायचं की शब्द तिच्या ओठांच्या आधी निघाला. प्रेक्षक वेडे झाले. ‘वडकेताईंना आधीच दिसतं’ अशी बोलवा झाली. रत्नागिरीला महिलांच्या राज्य साखळी स्पर्धेचा अंतिम सामना होणार होता. त्याच्या थेट प्रक्षेपणासाठी तिला बोलावणं आलं. बोलावणाऱ्या गृहस्थांनी फोनवर सांगितलं, “ताई, ते तुमचं आधीच ओळखणं तेवढं हवं हं आम्हाला.”

तिला आनंद झाला. थोडं चुकचुकल्यासारखंही वाटलं, पण तिनं ते झटकलं.

रविवारी दुपारी मुलगी आली. शर्वरी बावीस वर्षांची, कोथरूडला एका बेकरीत काम करायची आणि मैत्रिणीबरोबर तिकडेच राहायची. अडीच वर्षांपूर्वीपर्यंत ती जिल्ह्याच्या संघातली पहिली चढाईपटू होती. गुडघ्याचा स्नायुबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली, नऊ महिन्यांत डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली. पण शर्वरी मॅटवर परत गेलीच नाही. सुलक्षणानं तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. विचारायचं नाही असं तिनं ठरवलंच होतं.

शर्वरीनं स्वतः भाजलेला पाव आणला होता. तिघांनी तो आमटीबरोबर खाल्ला. पाव छान झाला होता, वरून कुरकुरीत आणि आत लुसलुशीत. हात पुसता पुसता शर्वरी म्हणाली, “आई, माझे बूट, गुडघ्याचे पट्टे, सगळा संच मी एका मुलीला देऊन टाकतेय. घरात नुसता पडून आहे.”

‘तुझ्या मनाला पटेल ते कर,’ असं सुलक्षणा म्हणणार होती.

“घाबरलीस म्हणून सोडलंस,” डबा म्हणाला. मैदानावरच्या त्या खणखणीत आवाजात, क्षणाचाही उशीर न करता.

आणि मग, जणू काही झालंच नाही अशा सुरात, डब्यानं पुढचं वाक्य म्हटलं, “तुझ्या मनाला पटेल ते कर.”

सुलक्षणानं पट्टी ओरबाडून काढली. हातानं, मानेनं, डोळ्यांनी ती नाही नाही म्हणत राहिली. शर्वरीनं पिशवी उचलली.

“यातलं खरं कुठलं, आई?” तिनं विचारलं. “पहिलं की दुसरं?”

उत्तराची वाट न बघता ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी शमानं डब्यातली नोंद उघडून बघितली आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.

“माझीच चूक आहे ताई. मी हे आधी तपासायला हवं होतं,” ती म्हणाली. “ओळखणारा प्रोग्राम नेहमी पुढच्या शब्दांचे अंदाज बांधतो. कार्ड सावकाश होतं तेव्हा त्याला एक अंदाज बांधायलाही वेळ पुरत नव्हता. आता आपण त्याला ताकद दिली, तसा तो पाच-सहा अंदाज बांधतो, आणि खात्री वाटली की वाक्य पुरं व्हायच्या आत बोलून टाकतो.”

“पण मी ते बोलणारच नव्हते.”

“बोलणार नव्हता. पण वाक्य तुमच्या गळ्यापर्यंत आलं होतं. आपण एखादी गोष्ट बोलता बोलता आवरतो ना, तेव्हा स्नायू आधीच सज्ज झालेले असतात. मग आपण त्यांना थांबवतो. साध्या माणसाच्या बाबतीत ते कुणाला कळत नाही. जुना डबा पुरं वाक्य होईपर्यंत थांबायचा, त्यामुळे गिळलेलं वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचायचंच नाही. आता पोहोचतंय.”

सुलक्षणानं त्या काळ्या चिमणीकडे बघितलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की माणूस म्हणजे तो जे बोलतो ते. आता वाटलं, माणूस म्हणजे तो जे बोलत नाही तेसुद्धा, आणि ते न बोलायला त्याला किंचित वेळ लागतो.

“ठेका पूर्वीसारखा करता येईल,” शमा म्हणाली. “पुन्हा पाऊण सेकंद. किंवा असाच ठेवून मैदानावर वापरा, घरात पट्टी काढून ठेवा.”

“म्हणजे घरात मी मुकी?”

शमानं नोंद बंद केली.

“मी गिळते, ते याला ओळखता येणार नाही का?” सुलक्षणानं विचारलं. “घोट गिळतानाही गळा हलतोच की.”

शमानं चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. विचार करताना ती तसंच करायची. “येईल. पण याला शिकवावं लागेल. तुम्ही वाक्य गळ्यापर्यंत आणायचं आणि आवरायचं, अशी शे-दीडशे उदाहरणं. आणि ती खरी हवीत. खोटं खोटं गिळलं तर स्नायूंना कळतं. शिवाय दर क्षणाला थांबण्याची खूण शोधत राहायचं म्हणजे कार्डाला धावण्यापेक्षा जास्त मेहनत. ठेका अजून वाढवावा लागेल.”

“चिमणी आणखी वीतभर उंच करतो,” मोरेश्वर म्हणाला. “आणि काळीच करतो.”

रत्नागिरीला अठरा दिवस उरले होते. रोज संध्याकाळी चहानंतर सुलक्षणा पट्टी लावून बसायची आणि समोर मोरेश्वर. त्याच्याकडे बघून मनातलं गळ्यापर्यंत आणायचं आणि आवरायचं. डबा अजून शिकत होता, त्यामुळे दहातली चार वाक्यं निसटायची.

“तुमच्या हातची आमटी पाणचट असते.”

“माहीत आहे,” मोरेश्वर म्हणाला. “पुढचं.”

“तो निळा शर्ट तुम्हाला अजिबात शोभत नाही.”

“तूच आणलास तो.”

“तुम्ही नसतात तर मी त्या पलंगावरून उठले नसते.”

हे वाक्य निसटलं तेव्हा सुलक्षणानं जीभ चावली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, असलं काही बोलायची दोघांनाही सवय नव्हती. मोरेश्वरनं पुढचं वाक्य मागितलं नाही. तो उठला, खाली कारखान्यात गेला आणि एका तयार हंड्यावर, ज्याला हातोडी लावायची काहीच गरज नव्हती, बराच वेळ ठोके घालत बसला. त्यानंतरच्या आठवड्यात आमटी घट्ट होऊ लागली.

साठ उदाहरणं झाल्यावर गाडी अडली. शमानं नोंदी तपासल्या. “दादांसमोर तुम्ही आता फार काही गिळत नाही,” ती हसून म्हणाली. “घट्ट गिळलेलं हवंय. जिच्यासमोर सगळ्यात जास्त गिळता ती कोण?”

त्या दोघांनाही ते माहीत होतं. सुलक्षणानं शर्वरीला तीन निरोप लिहून पाठवले होते, एकाचंही उत्तर आलं नव्हतं. त्या रात्री मोरेश्वरनं फोन केला. तो काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी शर्वरी आली. आल्या आल्या चपला काढून ती वडिलांच्या खुर्चीत बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, चढाईआधी बाकावर बसायची तशी.

“बाबांनी सांगितलं,” ती म्हणाली. “गिळ माझ्यासमोर. मलाही कळू दे किती आहे.”

“तुला त्रास होईल,” सुलक्षणा म्हणाली.

“झालाय आधीच. गिळ.”

सुलक्षणानं मुलीकडे बघितलं. अडीच वर्षांचं सगळं गळ्याशी दाटलं. पहिली पाच वाक्यं तिनं आवरली आणि डब्यानंही आवरली. वाक्य आवरलं की लागणारा त्याच्यावरचा छोटा पिवळा दिवा पाच वेळा लुकलुकला. डबा शिकत होता. सहावं निसटलं.

“तू पडलीस तेव्हा मी माईकवर होते आणि बोलतच राहिले.”

शर्वरीनं मान हलवली. “मी ऐकलं होतं. मला बरं वाटलं होतं. तू थांबली असतीस तर मी जास्त घाबरले असते.”

दिवा तीनदा लुकलुकला. मग पुन्हा निसटलं.

“त्या मुली तुझ्याइतक्या चांगल्या नाहीत.”

“हे गिळलं नसतंस तरी चाललं असतं,” शर्वरी म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिच्या ओठांना हसू शिवलं.

मग सुलक्षणाच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळे भरले, दिवा लुकलुकू लागला आणि अर्ध्यातच विझला.

“मीसुद्धा घाबरूनच माईक हातात घेतला,” डबा म्हणाला.

मोरेश्वर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. सुलक्षणानं पट्टीला हात लावला. काढावी की राहू द्यावी, असा क्षणभर विचार केला आणि हात खाली घेतला. पुढचं तिनं स्वतःहून सांगितलं.

“खांदा बरा झाला होता. चार महिन्यांत झाला होता. सगळ्यांना मी सांगितलं, डॉक्टर नको म्हणाले. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मॅटवर गेले की पाऊल मध्यरेषेपुढं पडायचंच नाही. मग एक दिवस समालोचक आला नाही आणि मी माईक घेतला. तुला जे म्हटलं ते मी पंचवीस वर्षं स्वतःला म्हणत आलेय.”

शर्वरी पुढं वाकली. “आई, मी घाबरलेच होते. अजूनही आहे. पण मला पाव करायला खरंच आवडतं. दोन्ही खरं असू शकतं ना?”

“असू शकतं,” सुलक्षणा म्हणाली. “मला समालोचन खेळण्यापेक्षा जास्त आवडलं. पण हे मी कुणाला पटवून देऊ शकले असते का?”

“मला पटलं असतं.”

तो सगळा दिवस शर्वरी थांबली. संध्याकाळपर्यंत दीडशेच्या वर उदाहरणं झाली. शेवटची चाळीस डब्यानं एकही शब्द न सांडता आवरली. शमानं दुसऱ्या दिवशी नोंदी बघून सांगितलं की वीतभर वाढलेल्या चिमणीमुळे कार्ड नव्या ठेक्यावरही शांत चालतंय, आणि उशीर पाव सेकंदाच्या आसपास आहे. पूर्वीसारखं ओठांच्या आधी बोलणं मात्र आता होणार नाही.

सुलक्षणानं रत्नागिरीला फोन करून तसं स्पष्ट सांगितलं. “आधीच ओळखणं जमणार नाही. जे घडेल ते घडताना सांगेन. चालेल?” पलीकडचे गृहस्थ थोडे घुटमळले. मग म्हणाले, “या ताई.”

अंतिम सामना खच्चून भरलेल्या क्रीडागृहात झाला. मोरेश्वर तिच्या शेजारी डब्याचं तापमान बघत बसला होता, शर्वरी प्रेक्षकांत. सामना अखेरपर्यंत रंगला. तीन मिनिटं उरली असताना सातारच्या संघातली एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी चढाईला गेली. रेषा ओलांडली आणि तिचे पाय जागच्या जागी थबकले. तीस सेकंद ती नुसती इकडून तिकडे हलली आणि रिकाम्या हातानं परतली. प्रेक्षकांतून हुर्यो उठली.

पिवळा दिवा लुकलुकला.

“परत आली,” सुलक्षणा म्हणाली. “आली ती दम टिकवून आली, अंगाला कुणाचा हात लागू न देता आली. पुढची चढाई तिचीच असू दे, बघू या.”

पुढची चढाई तिला मिळाली. ती गेली, बोनस रेषेपलीकडे पाय टेकवला, डाव्या कोपऱ्यातल्या बचावपटूच्या हातून निसटली आणि दोन गुण घेऊन आली. सामना त्यांनी एका गुणानं गमावला, तरी त्या मुलीच्या नावानं क्रीडागृह दणाणलं. सुलक्षणानं ते नाव मोठ्यांदा, पुरतं, आडनावासकट घेतलं.

परतीच्या वाटेवर आंबा घाटाच्या माथ्यावर त्यांनी गाडी थांबवली. गरम भजी आली. शर्वरीनं पहिलं भजं तोंडात टाकलं, जीभ भाजून घेतली आणि हातवारे करून पाणी मागितलं. काळी चिमणी गाडीतून काढून बाकावर ठेवली होती. वाऱ्यानं तिच्या तोंडातून बारीक शीळ वाजत होती. हॉटेलवाल्यानं ती धूपदाणी आहे का म्हणून विचारलं. मोरेश्वरनं त्याला मठारकाम म्हणजे काय ते सविस्तर सांगितलं, आणि काळा रंग मुद्दाम आणलाय हे दोनदा सांगितलं.

तो गेल्यावर मोरेश्वर सुलक्षणाकडे वळला.

“मी मोजत होतो,” तो म्हणाला. “सामन्यात दिवा सात वेळा लुकलुकला. त्यातला एक मला कळला, त्या मुलीचा. पण उरलेले सहा? मध्यंतरात मी तुझ्यासाठी चहा आणला, तेव्हा तर लागोपाठ दोनदा लागला. काय म्हणणार होतीस—”

“नाही सांगणार,” सुलक्षणा म्हणाली, त्याचं वाक्य संपायच्या आत, आणि त्याच्या बशीतलं शेवटचं भजं उचललं.